डॉ. अनिता अवचट : नाती जोडणारे उपचार



व्यसन म्हटले की डोळ्यांपुढे दारूची बाटली येते, गर्दची अथवा खर्ऱ्याची पुडी येते. परंतु व्यसनाने शरीर खचण्याच्या कितीतरी आधी नाती तुटू लागतात. पती-पत्नीमधील विश्वास जातो, मुले वडिलांना टाळू लागतात, भाऊ व्यवहारातून दूर सारतो. व्यसनमुक्ती म्हणजे या नात्यांची पुनर्बांधणी, हा विचार महाराष्ट्रात प्रत्यक्ष आचरणात आणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉ. अनिता अवचट.

पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर त्यांनी येरवडा येथील मनोरुग्णालयात सेवा केली. पती डॉ. अनिल अवचट यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून लेखन व समाजकार्य स्वीकारले, तेव्हा संसाराचा आर्थिक भार अनिताताईंच्या नोकरीने उचलला आणि मुलींचे संगोपन अनिल अवचटांनी आनंदाने केले. परस्परांवरील विश्वासाचा हा धडा प्रथम त्यांच्या घरातच गिरवला गेला होता.

गर्दच्या व्यसनाविषयी अनिल अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साह्य देऊ केले आणि 1986 साली मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

औषधांनी व्यसनाची शारीरिक लक्षणे काही दिवसांत ओसरतात. मनाची ओढ मात्र राहते. म्हणून मुक्तांगणात पस्तीस दिवसांच्या निवासात समुपदेशन, गटचर्चा, योगासने व श्रम यांना स्थान मिळाले. व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण तेथे कार्यकर्ते झाले. सगळ्यांनी ज्याच्यावर अविश्वास दाखवला, त्याला त्याच वाटेने गेलेला माणूस भेटतो, तेव्हा सबबी चालत नाहीत आणि आशाही वाटते.

पत्नींसाठी 'सहचरी' हा गट उभा राहिला. पतीचे व्यसन हा आपला दोष नव्हे, हे समजणे ही तिच्यासाठी पहिली सुटका. त्याच्यासाठी खोटे बोलू नये, त्याच्या व्यसनाची देणी फेडू नयेत. पण तो सावरू लागल्यावर मागचे रोज उगाळू नये. गेलेला विश्वास शपथांनी परतत नाही. रोजच्या वर्तनाने हळूहळू परततो. पुन्हा पाय घसरला तर तो आजाराचा भाग मानून उपचार पुन्हा सुरू करावेत.

1997 साली कर्करोगाने अनिताताईंचे निधन झाले. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे कार्य पुढे वाढवले आहे.

वाशीम, कारंजा, रिसोड असो वा लहानसे खेडे, घरातील व्यसन घरातच झाकण्याची रीत सर्वत्र आढळते. अब्रूच्या भयाने वर्षे जातात आणि त्याची किंमत पत्नी व मुले मोजतात. प्रतिष्ठित घराण्यांत हे मौन अधिकच गडद असते. फार काळ दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

व्यसनी माणसाला धिक्कार नको आणि पांघरूणही नको. त्याला उपचारांपर्यंत हात धरून नेणारे एक माणूस हवे. प्रत्येक कुटुंबात असे एक माणूस उभे राहिले, तर अनिताताईंचे कार्य या भूमीतही रुजेल.