तिसरीपर्यंत वाचता आले पाहिजे
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात माढा येथे केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहिले की आपण सगळेच एक गोष्ट हटकून सांगतो. आपल्या धर्मातील पहिली आज्ञा वाचण्याची आहे, ही ती गोष्ट. ती खरी आहे आणि ती ऐकून आपल्याला बरे वाटते. पण घरी गेल्यावर आपले चौथीतले मूल पुस्तक वाचते की नुसते म्हणून दाखवते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

मध्यंतरी एका ओळखीच्या घरी मी गेलो होतो. चौथीतल्या मुलाने एक धडा धडाधड म्हणून दाखविला. आईचा चेहरा खुलला. मी पाने उलटून भलताच परिच्छेद पुढे केला, तेव्हा मुलगा गप्प झाला. धडा त्याला पाठ होता, अक्षरे जुळत नव्हती. वडील म्हणाले, "सर, दरवर्षी पास होतोय की!"

त्या वडिलांना मी दोष देत नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असा नियम आला. हेतू चांगला होता. नापास होऊन मुले, विशेषतः मुली, शाळा सोडत असत. पुढे 2019 साली कायदा बदलला आणि आपल्या राज्यात पाचवी व आठवीला पुन्हा परीक्षा आली. पण पाचवीपर्यंत वाट पाहणे म्हणजे पीक वाळल्यावर पाणी सोडण्यासारखे आहे. तिसरीनंतर गणित, परिसर अभ्यास, सगळेच विषय वाचून समजून घ्यायचे असतात. ज्याला वाचता येत नाही, तो वर्गात बसूनही वर्गाबाहेरच असतो.

आता आपल्याच तालुक्याची गोष्ट. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. 2009 साली ते तेथे गेले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीत दोन गोष्टी ठळक होत्या. पाठ्यपुस्तके मुलांना कळेल अशा भाषेत आणणे ही पहिली. दुसरी म्हणजे पुस्तकात छापलेला क्यूआर कोड; त्यावर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. 2017 साली राज्य शासनाने पहिली ते बारावीच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले. एका वाडीतली युक्ती राज्यभर गेली.

आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु मला त्यातून वेगळाच प्रश्न पडतो. युक्ती सर्व शाळांत पोहोचली, तशी ती चिकाटी पोहोचली काय? कोड पुस्तकावर आहे, आणि मोबाईल वडिलांच्या खिशात बाजाराला गेलेला आहे. (संध्याकाळी तो घरी आला, तरी कवितेसाठी उघडला जाईल याची खात्री कोणी द्यावी!)

एक शाळा नावारूपाला येणे निराळे आणि तालुक्यातील सगळ्या शाळा वर येणे निराळे. दुसऱ्या प्रकारचे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. तेथील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एक शाळा निवडली नाही, बीटमधल्या चाळीसेक शाळा एकदम हाती घेतल्या. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, बिया, काड्या घेऊन मुले स्वतः शिकू लागली. मुख्य म्हणजे कोणत्या मुलाला काय येत नाही, हे नावानिशी माहीत असू लागले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. पुढे 22 जून 2015 रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला. त्याचा रोखही हाच होता की वर्गाची सरासरी सांगू नका, प्रत्येक मुलाचे सांगा. 2021 साली केंद्राने आणलेल्या 'निपुण भारत'नेही तिसरीची मर्यादा घातली आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला साठ शब्द, अर्थ समजून, वाचावेत.

हे सरकारी शाळांचे काम आहे, आपल्या समाजाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की मदरशात शिकणारी मुस्लिम मुले शेकडा तीन-चारच आहेत. बाकीची, शाळेत जात असतील तर, सर्वांच्या शाळेतच जातात. जिल्हा परिषदेची शाळा सुधारली तर बागवानांचे, तांबोळ्यांचे, गॅरेजवाल्याचे मूल सुधारते, आणि ऊसतोडणीला जाणाऱ्याचेही. तेव्हा कुठल्याशा पाटीवर 'इंग्लिश मीडियम' वाचून कर्ज काढण्याआधी गावच्या शाळेत एकदा डोकावून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेची अडचण आपल्या मुलांना दुहेरी आहे. घरात आपण दखनी बोलतो. मराठी शाळेत गेले तर मराठी परकी वाटते आणि उर्दू शाळेत गेले तर पुस्तकातली उर्दूही घरच्यासारखी नसते. म्हणून मूल मंद आहे असा समज करून घेऊ नका. आपण 'नक्को' म्हणतो तो मराठीचाच 'नको' आहे. असे शेकडो शब्द मुलाच्या तोंडी आधीच आहेत. शिक्षकाने पहिलीत त्या बोलीला हसण्याऐवजी तिचा हात धरला, तर मूल लवकर वाटेला लागते. हे शिक्षकांना सांगायचे कोणी? तुम्हीच. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. किती ठिकाणी सहीसाठी वही घरी येते आणि सभा वहीतच भरते, ते तुम्हाला ठाऊक आहे. माता-भगिनींनो, स्वतःला लिहिता येत नसले तरी त्या सभेत बसा आणि एकच प्रश्न विचारा: तिसरीत मुले किती आणि न पाहिलेला मजकूर वाचणारी किती? उत्तर आकड्यात आणि नावांत मागा. रागाने नव्हे, अदबीने. शिक्षक आपला शत्रू नाही. कागद भरता भरता तोही बेजार झालेला असतो.

2005 पासून 'प्रथम' संस्थेचे कार्यकर्ते देशभर गावोगावी घरोघर जाऊन मुलांची साधी चाचणी घेत आले आहेत: अक्षरे, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट; मग अंक, हातच्याची वजाबाकी, भागाकार. तिला पाच-दहा मिनिटे लागतात. मूल जिथे अडेल तिथून त्याला शिकवायचे, ते कोणत्याही इयत्तेत बसत असो.

येत्या रविवारी असरच्या नमाजनंतर याच सभागृहात तिसरी-चौथीच्या मुलांची अशी चाचणी ठेवली आहे. संस्थेच्या हायस्कूलची नववीची मुले-मुली ती घेतील. मराठी आणि उर्दू दोन्ही तक्ते असतील. मुलींना जरूर आणा, आणि आदल्या रात्री धडा पाठ करून घेऊ नका.