शेत शेतकऱ्याचं, पाणी पाखरांसाठी



गेल्या हिवाळ्यात आई आमच्याकडे आली होती. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला हायवे पाचवरून जाताना दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली भातखाचरं दिसली. आई कोकणातली. तिनं लगेच विचारलं, "अगं, कापणी तर कधीच झाली. मग आता खाचरात पाणी कशाला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पूर्वी इथले शेतकरी कापणीनंतर पेंढा जाळायचे. धुराचा त्रास फार, म्हणून १९९१ साली कायदा झाला आणि जाळणं हळूहळू कमी झालं. मग पेंढा कुजवायला शेतात पाणी सोडू लागले. त्या पाण्यावर हजारो बदकं आणि पांढरे हंस उतरू लागले.

पण हिवाळा सरत आला की शेतकरी पाणी काढून टाकतो. त्याला पुढच्या पेरणीची तयारी करायची असते. नेमके तेव्हाच उत्तरेकडे निघालेले, चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे छोटे तुतवार इथं विसावा शोधतात. या खोऱ्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त पाणथळ जागा तर केव्हाच नाहीशा झाल्या आहेत.

परवान्याशिवाय स्थलांतरित पक्षी मारायला १९१८ पासून कायद्यानं बंदी आहे. पण तो कायदा कुणाला शेतात पाणी ठेवायला लावत नाही. जमीन विकत घ्यावी, तर ती महाग, आणि पाखरांना हवी काही आठवडेच.

म्हणून २०१४ साली 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेनं 'बर्डरिटर्न्स' सुरू केलं. हा उलटा लिलाव. शेतकरी सांगतो, "इतके आठवडे काही इंच पाणी ठेवतो, इतके पैसे द्या." दर परवडणारा आणि जागा पाखरांच्या सोयीची असेल, तर करार होतो. सक्ती नाही. पाणी कुठे, कधी हवं, हे ठरवायला पक्षीनिरीक्षकांनी 'ईबर्ड'वर केलेल्या नोंदी कामी येतात. पहिल्याच हंगामात सुमारे १०,००० एकरांत पाणी राहिलं.

यात कच्चे दुवेही आहेत. करार संपला की पाणी जातं. दुष्काळात पाणीच महाग होतं. देणगीचा ओघ आटला, तर पाखरांनी जायचं कुठे? म्हणून कायमची अभयारण्यं हवीतच. करार हा त्यांना जोड.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पाखरांसाठी महिनाभर बिऱ्हाड भाड्यानं घेतलं म्हण की!"

फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या बाजूला गेलात, तर मुलांना दुर्बीण द्या. कुणाच्या शेतात न शिरता, रस्त्याकडेला सुरक्षित थांबून पक्षी मोजा आणि नोंद करा. पाणी कुठे ठेवायचं, हे अशाच नोंदींवरून ठरतं.