दप्तरातील शिपाई



पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात सुमारे ६,२०,००० माणसे दाखल झाली आणि त्यांपैकी सुमारे ६०,००० मृत्यू पावली, हे इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. परंतु भरतीच्या दिवशी यांतील प्रत्येकाकडून एक कागद दोन्ही बाजूंनी भरून घेतला जाई, आणि त्यावर जन्मगाव, धंदा, धर्म, उंची, छातीचा घेर, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा आणि निकटच्या वारसाचे नाव रुजू केले जाई. ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने जपलेले हे कागद आज कोणालाही पाहता येतात. पगार कोणाच्या नावे जमा करावयाचा आणि मृत्यूची वर्दी कोणत्या दारी धाडावयाची, यासाठीही सरकारला त्यांची गरज होती. आणि ज्या माणसाला भरतीच्या दिवशी सरकारने इतक्या बारकाईने निरखले, तोच जिवंत परत आला असता त्याची ओळख पटविताना त्याच सरकारची दृष्टी कशी अधू झाली, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

जो परतला नाही, त्याच्याविषयी आधी थोडक्यात सांगतो. जॉर्ज लॉरेन्स प्राइस हा नोव्हा स्कोशियात जन्मलेला आणि दूर पश्चिमेकडील मूस जॉ या गावी राहावयास गेलेला तरुण १९१७ च्या ऑक्टोबरात सक्तीच्या भरतीच्या कायद्याने सैन्यात ओढला गेला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी बेल्जममध्ये, मॉन्स शहराजवळच्या एका खेड्यात, कालवा ओलांडून आपल्या चार सोबत्यांसह घरांची झडती घेत असता तो रस्त्यावर आला आणि छातीत गोळी लागून कोसळला. त्या वेळी १० वाजून ५८ मिनिटे झाली होती. ११ वाजता युद्ध थांबावयाचे होते. शस्त्रसंधीवर सह्या पहाटे पाचच्या सुमारासच होऊन गेल्या होत्या, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे मधल्या सहा तासांत जे मेले, त्यांच्या मृत्यूचे समर्थन कोणत्याही सेनापतीला करता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राइसची कबर नीट राखलेली आहे आणि तिच्यावर त्याचे नाव आहे. मृतांच्या बाबतीत राज्याने आपला शब्द पाळला, हे मान्य केले पाहिजे.

आता फ्रान्सिस पेगामगाबोचे चरित्र पाहा. ह्यूरन सरोवराच्या जॉर्जियन उपसागरातील पॅरी बेटावरचा हा ओजिब्वे जमातीचा माणूस १९१४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे युद्ध पुकारले जाताच, आपण होऊन भरती झाला. त्याच सुमारास सुपीरिअर सरोवराकाठी रानातील फळे वेचावयास उतरला असता एका वृद्ध मूलनिवाशाने त्याला चामड्याच्या वादीने आवळून बांधलेली एक लहानशी पिशवी दिली आणि लवकरच तुझ्यावर मोठे संकट येणार आहे, असे बजावले. ही हकीकत पुढे त्यानेच एका मानववंशशास्त्रज्ञाला सांगितली. ती पिशवी कधी दगडासारखी कठीण लागे, तर कधी आत काहीच नसल्यासारखी वाटे. खंदकांत ती त्याने अंगावर बाळगली, आणि जखमी होऊन इस्पितळात गेला तेव्हा ती हरवली. बेल्जममधील ईप्र येथील विषारी वायूच्या हल्ल्यापासून १९१८ पर्यंत तो लढला. दबा धरून बसणारा नेमबाज म्हणून ३७८ शत्रुसैनिक टिपल्याचे श्रेय त्याला दिले जाते. लष्करी पदक त्याला तीनदा मिळाले, आणि हा मान सबंध कॅनडाच्या सैन्यात ४० जणांनाही लाभला नाही.

असा पुरुष घरी परतला, तो पुन्हा मूलनिवाशांचा कारभार पाहणाऱ्या इंडियन खात्याच्या पाल्यांच्या यादीत जाऊन बसला. परतलेल्या सैनिकांना जमीनजुमल्यासाठी कर्ज देण्याची सरकारी योजना होती, परंतु त्याची मागणी नामंजूर झाली. जमातीने त्याला मुखिया निवडले. तरी जमिनींच्या दाव्यांसाठी वर्गणी गोळा करणे मूलनिवाशांविषयीच्या कायद्यातील १९२७ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले, आणि १९३३ पासून मुखियांचा सारा पत्रव्यवहार खात्याच्या स्थानिक एजंटाच्याच हातून जावा, असा हुकूम निघाला. ज्याच्या निरोपांवर रणभूमीवर अंमलदारांनी विश्वास टाकला, त्याला आपल्या सरकारला स्वतःच्या नावे पत्र धाडण्याचीही मुभा उरली नाही! तो १९५२ साली वारला. मूलनिवासी म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा न सोडता मत देण्याचा अधिकार त्याच्या लोकांना १९६० साली मिळाला, आणि पॅरी साउंड येथे त्याचा पुतळा उभा राहावयास २०१६ साल उजाडले.

आपल्याकडील माणसेही या युद्धांच्या दप्तरांत आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या डिसेंबरात, इटलीतील मोरो नदीपलीकडे कॅनडाची पहिली डिव्हिजन ऑर्तोनाकडे झगडत पुढे सरकत होती, तेव्हा तिच्या डाव्या बाजूस आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटण होती. पुढे १९४४ च्या जुलैत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे यशवंत घाडगे इटलीतच कामी आले. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी असूनही त्यांना कबर लाभली नाही, आणि कासिनोच्या ज्या स्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे, त्याच स्मारकावर कबर नसलेल्या कॅनेडियन शिपायांचीही नावे आहेत.

परंतु मला अधिक अस्वस्थ करतो तो बुकम सिंग. होशियारपूर जिल्ह्यातील माहिलपूरचा हा मुलगा १९०७ साली कॅनडात गेला. पत्नी पंजाबातच राहिली, आणि भारतातून येणाऱ्यांवरील १९०८ च्या निर्बंधांमुळे तिला तिकडे आणणे अशक्य झाले. १९१५ साली तो कॅनडाच्या सैन्यात शिरला, फ्लँडर्समध्ये दोनदा जखमी झाला, त्याला क्षयाने गाठले आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील किचनर येथे त्याचा अंत झाला. ज्या देशासाठी तो लढला, तेथील ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्याने प्रथम पाऊल ठेवले, त्या प्रांतात त्याच्या देशबांधवांना १९४७ पर्यंत मताचा अधिकार नव्हता. त्याचे विजयपदक एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमधील एका गहाणवटीच्या दुकानात एका अभ्यासकाच्या हाती पडले. पदकाच्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला होता, त्यावरून दप्तर निघाले, आणि दप्तरावरून कबर सापडली.

श्रोतेहो, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या पुष्कळ घरांत पहिल्या महायुद्धातील अशी पदके आजही पेटीच्या तळाशी पडून आहेत. मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, हे आपण जाणताच. आपल्या घरी असे पदक असेल, तर ते मोडीत घालू नका. त्याची कड उजेडात धरून नाव, क्रमांक आणि पलटण उतरवून घ्या, आणि घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांना त्या माणसाविषयी विचारा.