करार नाही, तर शिकाऊ नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कोरडवाहू कापूस-ज्वारीवर घर भागत नाही, म्हणून घरातले एखादे पोर जिनिंगमध्ये, गॅरेजमध्ये, नाही तर एमआयडीसीत कामाला लागते. ‘अजून शिकाऊ आहे’ म्हणत मालक चहापाण्यापुरते पैसे हातावर ठेवतो. दोन-दोन वर्षे जातात, पोर शिकाऊच. काम मात्र पुऱ्या गड्याचे!

शिकाऊ कोण हे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा ठरवतो, मालक नाही. त्याला लेखी करार लागतो, कराराची नोंदणी लागते, मुदत लागते. अशा उमेदवाराला किमान वेतन नाही, विद्यावेतन मिळते. २०१९ मध्ये दहावी पास उमेदवारासाठी ते महिना किमान ६००० रुपये ठरले. करार करताना चालू आकडा विचारून घ्या. या कायद्याखाली करारच नसेल, तर पोर कामगार आहे. त्याला किमान वेतन दिलेच पाहिजे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तीन गोष्टी गाठीशी बांधा. जादा तासांना दुप्पट दर. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. आणि दावा लागला की पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचे. तरीही हजेरी आणि मिळालेली रक्कम रोज वहीत लिहा.

आता आपल्या बांधावर येऊ. कापूसवेचणीला आपणच मालक. किलोवर दर दिला तरी दिवसाची मजुरी किमानाखाली जाता कामा नये. त्याच कामाला बाई म्हणून कमी देणे कायद्यात बसत नाही.

‘परवडत नाही’ हे खरे आहे. पण ते मजुराला ऐकवू नका, भाव ठरवणाऱ्याला ऐकवा. १९९० मध्ये हनुमंत राव समितीने सांगितले होते की उत्पादन खर्चात मजुरी कायद्याच्या किंवा प्रत्यक्ष दराने, जो जास्त असेल त्याने धरावी. मजुरी पुरी द्यायची, तर कापसाचा भावही पुरा मिळाला पाहिजे. मजुराचे कापून आपला तोटा भरून निघणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने यादी आणावी. किती पोरे शिकाऊ आहेत, आणि किती जणांकडे कराराची प्रत आहे. ज्यांच्याकडे प्रत नाही, त्यांना घेऊन कामगार कार्यालयात जाऊ.