पैदाशीच्या मेंढ्याचे मोल

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात पुणे येथे दिलेले व्याख्यान)



शिक्षण, वसतिगृह, वधूवर-परिचय या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. आमच्या वाट्यास मेंढ्याचा विषय आला, याचा आम्हांस आनंदच वाटतो. येथे जमलेल्यांपैकी बरेचजण आता कचेरीत, कारखान्यात वा दुकानात रमलेले आहेत. पुण्यात बसून मेंढ्याची चर्चा कशाला, असे त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या दारी आज एकही मेंढरू नाही, अशांचाही एखादा चुलता, एखादा मामा अजून दिवाळीनंतर वाडा घेऊन घाट उतरतो. त्याची अडचण शहरातल्या भावाच्या कानावर येते आणि शहरातला भाऊ जमेल तेवढे पैसे पाठवितो. ते पैसे कोणत्या कामी लागावेत, याचाच विचार आम्ही आज मांडणार आहोत.

पूर्वी मेंढीची मिळकत तीन वाटांनी येत असे: लोकर, खत आणि कोकरू. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या काळ्या लोकरीला आज कातरणीच्या मजुरीइतकाही भाव पुष्कळदा येत नाही. शेतात मेंढरे बसविण्याचे मोल मिळते, पण त्यावर संसार चालत नाही. म्हणजे उरले ते कोकरू. कोकरे किती जगली, तीन-चार महिन्यांत किती भरली, यावर वर्षाचा हिशेब ठरतो. आणि कळपातल्या प्रत्येक कोकराचा अर्धा वाटा एकट्या मेंढ्याकडून येतो. तीस मेंढ्यांत एक मेंढी कमी प्रतीची निघाली, तर तिचे एक कोकरू कमी भरेल. मेंढा कमी प्रतीचा निघाला, तर तिसांची तीस कमी भरतील.

हे आपल्यातील जाणत्यांना नवे नाही. तरीही होते काय, ते पाहावे. व्यापारी वाड्यावर येतो आणि त्याची नजर सर्वांत भरलेल्या, सर्वांत आधी वाढलेल्या नर कोकरावर पडते. घरात मुलांची फी असते, आजारपण असते, उधारी असते. ते कोकरू जाते. त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकाचे जाते. अखेरीस जे कोणी घेतले नाही, ते उशिरा जन्मलेले, आईचे दूध न पुरलेले कोकरू कळपात राहते, आणि पुढल्या वर्षी तेच कळपाचे बाप होते! चांगले तेवढे सुरीखाली आणि उरलेले तेवढे पैदाशीला, असा हा उलटा न्याय आहे. दहा-पंधरा वर्षे असे चालले म्हणजे कळप खुजा होतो आणि आपण म्हणतो, चारा राहिला नाही. चारा कमी झाला हे खरे आहे. पण सारा दोष चाऱ्याचा नव्हे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला आणि १७९५ साली त्या निवर्तल्या, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. योगायोग असा की, नेमक्या याच दोन सालांच्या दरम्यान इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल नावाचा एक शेतकरी होऊन गेला. त्याचाही जन्म १७२५ चा आणि मृत्यू १७९५ चा. लेस्टरशायरमधील डिशली गावी तो खंडाने जमीन कसत असे. त्याने आपले उत्तम मेंढे विकण्याऐवजी एकेका हंगामापुरते भाड्याने देण्याचा प्रघात पाडला. ज्यांच्या कळपात मेंढे जात, तेथे त्यांची कोकरे कशी निपजली याची तो माहिती घेई आणि ज्याची संतती सरस, तो मेंढा स्वतःच्या कळपासाठी राखी. आरंभी त्यास भाडे काही शिलिंग मिळे. पुढे एकेका मेंढ्याचे एका हंगामाचे भाडे शेकडो गिनींपर्यंत गेले. लोक त्यास प्रथम हसले असतील. नंतर त्याच्याच दारी रांगा लागल्या. मेंढ्याची पारख त्याच्या शिंगांवरून नव्हे, तर त्याच्या कोकरांवरून करावी, हा त्याचा धडा आहे.

आता मेंढा निवडावा कसा? प्रथम त्याची आई पाहावी. तिला दूध किती, तिने दरवर्षी कोकरू दिले काय, दिलेले जगविले काय, हे विचारावे. आणि हे पुरुषांस विचारण्यापेक्षा वाड्यावरच्या बाईला विचारावे. पुरुष दिवसभर रानात असतो. कोकरे सांभाळणारी, पाजणारी, अडलेल्या मेंढीजवळ बसणारी ती असते. कोणत्या मेंढीच्या सडाला दूध आहे, हे तिच्याइतके कोणास ठाऊक नसते. मेंढ्याच्या सौद्यात तिचे मत घेतले जात नाही, ही आपली मोठीच उणीव आहे.

मग मेंढा स्वतः पाहावा. दोनदाती किंवा चारदाती असावा. दात वरच्या हिरडीवर बरोबर टेकलेले असावेत, नाहीतर खुरट्या गवतावर त्याचे पोट भरणार नाही. चारी पाय सरळ, खूर घट्ट. आपले जनावर वर्षातून शेकडो मैल चालणारे आहे. त्यास उभे असताना पाहू नये, चालवून पाहावे. पापणी उलटून पाहावी. आतली बाजू लालसर असावी, पांढरी फटक असल्यास पोटात जंत आहेत असे समजावे. दोन्ही वृषण खाली उतरलेले, सारख्या आकाराचे, मोठे व घट्ट असावेत. हाताला गाठ लागली तर तो मेंढा कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. आणि आपण ज्या मुलखात चरावयास जातो, त्या मुलखास तो साजेसा असावा. दख्खनीतच लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार आहेत. जत तालुक्यातील माडग्याळचा मेंढा उंच व वजनदार खरा. पण ज्यास मावळातल्या पावसात दिवस काढावयाचे आहेत, त्याने अंगावरच्या लोकरीचाही विचार करावा.

काही गुण मात्र डोळ्यांस दिसत नाहीत. जुळी कोकरे देण्याचा गुण त्यांपैकी होय. मेंढा स्वतः विणार नाही. त्याचा हा गुण त्याच्या मुलींत दिसावयाचा, आणि तोवर दोन वर्षे निघून जातात. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने या बाबतीत केलेले काम आपल्या समाजाने जाणून घेण्याजोगे आहे. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची एक चिमुकली मेंढी असते. ती दोन-दोन, तीन-तीन कोकरे देते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या संस्थेने गरोळ मेंढरे फलटणला आणली, त्यांचा दख्खनीशी संकर केला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून दख्खनीच्या अंगलटीची, पण जुळ्यांचा गुण असलेली 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. हा गुण एका जनुकात असतो आणि तो जनुक कोणता, हे संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढ्यांतही तोच जनुक आहे, आणि १७९० नंतरच्या काळात कलकत्त्याहून गेलेल्या बंगाली मेंढ्यांमार्फत तो तेथे पोहोचला असे मानतात. मेंढ्याचे थोडे रक्त घेऊन हा जनुक आहे की नाही, हे तपासता येते. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही या कामी साहाय्य झाले. ज्या मेंढ्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, त्याच्या प्रत्येक मुलीस एक प्रत मिळते. अशा दहा मेंढ्या विल्या, तर दहांऐवजी साधारण पंधरा कोकरे होतात.

तथापि येथे एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. जुळी कोकरे म्हणजे दुप्पट नफा नव्हे. विण्याच्या सुमारास मेंढीस मूठभर धान्य वा पेंड घालण्याची ऐपत नसेल, किंवा नेमकी कोकरे होतील तेव्हा वाडा लांबच्या चालीवर असेल, तर एक जोड जगविताना दोन्ही गमावण्याची पाळी येईल, आणि ते सारे कष्ट पुन्हा बायकांच्याच माथी येतील. ज्यांचे ठिकाण स्थिर आहे, त्यांनी हा गुण अवश्य आणावा. इतरांनी आधी चाऱ्याची सोय पाहावी.

आता मोल. २०२० साली आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्यास ७० लाखांची मागणी झाल्याचे व मालकाने ती नाकारल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. ते वाचून पुष्कळांची छाती फुगली. आम्ही त्याचा साधा भागाकार केला. असा मेंढा आयुष्यात २०० कोकरांचा बाप झाला, तरी प्रत्येक कोकरामागे ३५,००० रुपये पडतात! हौसेला मोल नसते हे खरे. कळपाला मात्र मोल असते.

तेव्हा आपण आपला हिशेब करू. समजा, तीस मेंढ्यांचा कळप आहे आणि दरसाल २५ कोकरे जगतात. एक मेंढा एका कळपात दोन वर्षेच ठेवावा, कारण तिसऱ्या वर्षी त्याच्या स्वतःच्या मुली माजावर येऊ लागतात. म्हणजे ५० कोकरे झाली. बापाच्या थोरवीचा निम्माच वाटा कोकरांत उतरतो, म्हणून चांगल्या मेंढ्यामुळे प्रत्येक कोकरू विक्रीच्या वेळी केवळ एक किलो जास्त भरले असे धरू. जिवंत वजनास किलोमागे ३५० रुपये धरले, तर १७,५०० रुपये अधिक आले. तात्पर्य, नेहमीच्या मेंढ्यापेक्षा १७,५०० रुपये अधिक दिले तरी दोन वर्षांत ते फिटतात. कळपात राखलेल्या मुली आणि पुढे मेंढ्याची येणारी किंमत हा निव्वळ नफा. भाव आपापल्या बाजाराचे घालावेत, रीत हीच ठेवावी. या आकड्याच्या आत मिळाला तर घासाघीस करीत बसू नये. त्याच्या वर गेला तर नमस्कार करून परत यावे.

एवढी रक्कम एकदम उभी करणे एका कुटुंबास जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून आमची सूचना अशी आहे की, नात्यागोत्यातल्या चार-पाच वाड्यांनी मिळून भिशीच्या धर्तीवर दरमहा थोडे थोडे जमवावे आणि पाच वेगवेगळ्या रक्ताचे पाच मेंढे घ्यावेत. दर दोन वर्षांनी मेंढे एका वाड्यातून पुढच्या वाड्यात जावेत. याने पैसा वाचेल, बाप-लेकीचा संकर टळेल आणि कोणाच्या कळपात कोणत्या मेंढ्याची कोकरे कशी निघाली, हे बेकवेलप्रमाणे आपणांसही कळेल. यासाठी एक वही ठेवावी आणि कोकरांच्या कानास खूण करावी. वाड्यावरची शाळेत जाणारी मुलगी ही वही लिहू शकेल. तिच्या शिक्षणाचा घरास झालेला तो पहिला लाभ ठरेल. शहरातील भावांनी या भिशीत एकेक वाटा उचलावा, ही आमची त्यांस विनंती आहे. लग्नात आहेर करतो तसा हा कळपास केलेला आहेर समजावा.

सरकारी साहाय्याचाही विसर पडू नये. गोखलेनगरातील मेंढी फार्म येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर यांस ७५ टक्के अनुदान ठरविण्यात आले. चालू वर्षाचे नियम व मुदत तेथे जाऊन विचारावी. गावाकडच्या माणसाने एका दाखल्यासाठी दोन दिवस खर्च करण्यापेक्षा शहरातल्या भावाने अर्ध्या दिवसाची रजा काढावी, हे सोयीचे.

मेंढा घरी आणल्यावर लगेच कळपात सोडू नये. तीन आठवडे वेगळा बांधावा, जंताचे औषध पाजावे, पी.पी.आर. वगैरे लसी पशुवैद्यास विचारून टोचून घ्याव्यात. ताप येऊन गेलेला मेंढा पुढे दीड-दोन महिने फळविण्यास कमी पडतो, हे ध्यानात ठेवावे. कळपात सोडताना त्याच्या छातीस तेलात कालवलेला गेरू लावावा. ज्या मेंढीस तो फळवील, तिच्या पाठीवर खूण उमटेल. मेंढी दर सतरा दिवसांनी माजावर येते. म्हणून सतरा दिवसांनी गेरूऐवजी नीळ लावावी. तांबड्या खुणेच्या मेंढ्यांवर पुन्हा निळी खूण मोठ्या प्रमाणात उमटू लागली, तर मेंढ्यात दोष आहे असे समजून तो तत्काळ बदलावा. पाच महिने वाट पाहून कपाळावर हात मारण्यापेक्षा चार पैशांचा गेरू पुष्कळ स्वस्त.

बंधुभगिनींनो, दिवाळीच्या पाडव्याला आपण मेंढरे ओवाळतो आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतो. या धनास आपण लक्ष्मी मानतो. लक्ष्मीचा मान ओवाळण्यात आहे, तसाच तो निवडीतही आहे. तरी येत्या हंगामात व्यापारी दारात येण्यापूर्वीच आपल्या सर्वांत उत्तम नर कोकराच्या कानास खूण करावी, आणि कितीही मागणी आली तरी हे कोकरू विकावयाचे नाही, असे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. स्वतःच्या कळपाला बाप म्हणून नव्हे. जवळच्या रक्ताचा संकर तेथेही नकोच. ते शेजारच्या वाड्यास द्यावे आणि त्याचे उत्तम कोकरू आपण घ्यावे. भिशी जमेपर्यंत एवढे केले तरी पुष्कळ झाले. त्यास एक पैसाही लागत नाही.