सावित्रीकाठी आपले स्वागत



 चित्रकारांच्या या संमेलनासाठी 'प्रेम आणि निसर्गचित्र' हा विषय ठरला तेव्हा काहींनी विचारले, रायगडाच्या आणि चवदार तळ्याच्या महाडात हे कशाला? मला मात्र हा विषय इथलाच वाटतो. का, ते सांगायला आधी थोडे दूर जातो.

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात फ्रेंच चित्रकार गुस्ताव कुर्बे यांचे 'जखमी माणूस' हे चित्र आहे. झाडाखाली डोळे मिटून पडलेला तरुण, म्हणजे स्वतः कुर्बे. पांढऱ्या सदऱ्यावर छातीपाशी रक्ताचा डाग, शेजारी तलवार. क्ष-किरणांखाली पाहिले तेव्हा कळले, की त्यांच्या खांद्यावर आधी एक तरुणी डोके टेकून होती. ती आयुष्यातून गेली आणि त्यांनी तिला रंगाखाली झाकले. माझ्या मते ते झाड आजही तिच्याविषयीच बोलते.

कुर्बे यांच्याच काळात निसर्गचित्रकार तेओदोर रुसो आणि त्यांचे सोबती फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात झाडे रंगवत होते. त्या झाडांवर कुऱ्हाड चालू लागली तेव्हा आवाज चित्रकारांनीच उठवला. १८६१च्या शाही हुकमाने तिथले सुमारे अकराशे हेक्टर रान राखले गेले.

आपले चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थाकाठी राहिले, तेच तळे पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९२२ साली त्यांचे आश्रयदाते शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी कितीतरी चित्रे त्याच पाण्यात सोडली, असे सांगतात. काय जीव असेल त्या माणसाचा त्या तळ्यावर!

आमची सावित्री महाबळेश्वराहून उतरून पोलादपूरमार्गे इथे येते. २२ जुलै २०२१ला पूर आला आणि ती घराघरांत शिरली. त्याच दिवशी तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. पाणी ओसरल्यावर दिवसभर गाळ उपसलेली माणसे संध्याकाळी हातपाय धुवायला पुन्हा नदीवरच गेली. कोपरापर्यंत चिखल, आणि नजर पाण्यावर. ते चित्र अजून कुणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही.

उद्या सकाळी सहाला गंधारपाले लेण्यांच्या पायथ्याशी जमू. वर चढलात की गांधारी आणि सावित्री दोघी दिसतात. रायगड पुष्कळांनी रंगवला. उद्या आमची नदी रंगवा. कागद-रंग आपले, चहा-पोहे आमचे. या!