ईयोबाचे मित्र आणि रोजचे मनन

ईयोब, स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, उपदेशक आणि गीतरत्न ही पाच पुस्तके पवित्र शास्त्रातील काव्य व ज्ञानसाहित्य म्हणून ओळखली जातात. रोजच्या ख्रिस्ती मननात त्यांचा वापर भरपूर होतो आणि तितक्याच बेफिकिरीनेही होतो. वर एक वचन, खाली दहा-बारा ओळींचे विवेचन, शेवटी छोटी प्रार्थना, असा मननपुस्तिकांचा साचा ठरून गेला आहे. वचन कोणाच्या तोंडचे, कोणत्या प्रसंगातले, हे सांगायला त्या साच्यात जागाच नसते.

   

पाचही पुस्तकांना एकच माप लावता येत नाही. नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायापासून पुढे बहुतेक वचने सुटी आहेत. एकेक घेऊन दिवसभर मनात घोळवावे, अशीच त्यांची घडण आहे. अध्याय ३१ असल्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती चांगली आहे. तरीही सव्विसाव्या अध्यायातील चौथे आणि पाचवे वचन वाचकाला थांबवते. मूर्खाला उत्तर देऊ नये असे एक सांगते, द्यावे असे लगेच दुसरे सांगते. दोन्ही शेजारी ठेवणाऱ्याला वाचकाच्या विवेकावर विश्वास होता. त्यांतले एकच छापणारा तो विश्वास मोडतो.

ईयोबाच्या बाबतीत सुटे वचन उचलण्याची सवय घातक ठरते. ४२ अध्यायांच्या या ग्रंथाचा मोठा भाग ईयोबाचे तीन मित्र अलीफज, बिल्दद, सोफर आणि शेवटी येणारा अलीहू यांच्या भाषणांनी व्यापला आहे. पहिल्या तिघांविषयी देवाचा निवाडा शेवटच्या अध्यायात स्पष्ट आहे: ते देवाविषयी यथार्थ बोलले नाहीत, यथार्थ बोलला तो तक्रार करणारा ईयोब. असे असून आठव्या अध्यायातील सातवे वचन, लहान आरंभाला मोठ्या अखेरीचे आश्वासन देणारे, वचनपत्रांवर आणि दिनदर्शिकांवर देवाची प्रतिज्ञा म्हणून मिरवते. ते बिल्ददाचे आहे.

यावर विद्वानांत वाद आहे. संत पौलाने करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्रात अलीफजाचे वाक्य शास्त्र म्हणून उद्धृत केले आहे. मग मित्रांची वचने मननाला का चालू नयेत, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला पाळकीय सेवेत, एका खेड्यातल्या सांत्वनसभेत मिळाले. तरुण मुलगा गेलेल्या घरी एका वडीलधाऱ्या बंधूंनी पुस्तिकेतले तेच सातवे वचन वाचले. मृताच्या आईने आपले शास्त्र उघडले, तीन वचने मागे गेली आणि चौथे वचन मोठ्याने वाचले. तेथे बिल्दद ईयोबाला सुचवतो, की त्याची मुले मेली ती त्यांच्याच पापामुळे. “हेही माझ्यासाठीच का, दादा?” एवढेच तिने विचारले. सभेत कोणापाशीही उत्तर नव्हते. पौलाने घेतलेले वाक्य खरेच आहे. पण शोकाच्या घरात वाक्याचा खरेपणा पुरत नाही, बोलणारा कोण आणि तो कोणाला दुखवतो आहे हेही वाचावे लागते. ईयोबाचे हे मित्र आरंभी त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले होते, तेव्हाच ते खरे मित्र होते.

स्तोत्रांची गत वेगळी नाही. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेविसावे स्तोत्र लहान मुलालाही पाठ असते. त्याच्या आधीचे बाविसावे, ज्याच्या आरंभाचे शब्द प्रभूने वधस्तंभावर उच्चारले, ते उत्तम शुक्रवारीच काय ते उघडते. अठ्ठ्याऐंशीवे अंधारात सुरू राहते आणि अंधारातच संपते. मननपुस्तिकेत त्याला प्रवेशच नाही. पूर्वीच्या मंडळीने असे केले नव्हते. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे आठवड्यात सर्व १५० स्तोत्रे म्हटली जात; इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने ती महिन्याभरात वाटून दिली. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या प्रार्थनाविधीने मात्र चार आठवड्यांच्या चक्रातून ५८, ८३ आणि १०९ ही शापाची स्तोत्रे वगळली. हेतू समजण्यासारखा आहे, निर्णय पटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सूड देवाच्या हाती सोपवायचा, तर त्यासाठी शब्द कोठून आणायचे?

महाराष्ट्रात तर संपूर्ण पठणाचे शिक्षण बाहेरून आणायला नको. वारकरी हरिपाठ म्हणतो तो अवघा, आवडीची एक ओळ नव्हे. त्याच मातीतला अभंग रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला दिला. पंडिता रमाबाईंनी केडगावी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सबंध शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्यात ईयोबाचा संतापही आहे आणि उपदेशकाचा उबगही.

या दिशेने एक वाचनक्रम तयार व्हावा. उपवासकाळाचे रविवार वगळून चाळीस दिवस होतात. पहिले दोन आणि शेवटचे दोन अध्याय जोडीने घेतले, तर ईयोब त्यात पूर्ण बसतो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर बोलणाऱ्याचे नाव छापावे. स्तोत्रे महिन्याच्या चक्रात, एकही न वगळता घ्यावीत. उपदेशकाचे बारा अध्याय वर्षअखेरीस शोभतील. गीतरत्न कुटुंबाने एकत्र वाचावे की पतिपत्नींनी, यावर मतभेद आहेत. तो निर्णय वाचनक्रम तयार करणाऱ्यांनी करावा.